बोन स्कॅन आणि हाडांत उतरलेला कॅन्सर: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

न्यूक्लिअर मेडिसिन विभागात (किरणोत्सारी औषध देऊन तपासण्या करणारा विभाग) काम करताना जालना, बीड, परभणी, लातूर, किनवट अशा ठिकाणांहून आलेले मुलगे, लेकी, जावई हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. कोणी समोर बसून, कोणी रात्री रिपोर्टचा फोटो पाठवून. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. निर्णय मात्र रुग्णाची पूर्ण फाइल पाहिलेल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. रुग्णाच्या पायांतली ताकद कमी होत असेल, तर बाकी सगळं सोडा आणि आधी प्रश्न १२ वाचा.

१. बोन स्कॅन म्हणजे नेमकं काय? एक्स-रे काढलाय, मग हा आणखी कशाला?

टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ एमडीपी नावाच्या औषधाला जोडून शिरेत देतात. रक्ताबरोबर हे औषध सगळ्या सांगाड्यात पोचतं आणि जिथे नवीन हाड तयार होत असतं तिथे जास्त साठतं. दोन ते चार तासांनी गॅमा कॅमेरा डोक्यापासून पायापर्यंत शरीरातून येणारे किरण टिपतो आणि जास्त साठलेली जागा चित्रात काळी उमटते. कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही.

एक्स-रेमध्ये खराबी दिसायला त्या जागचं ३० ते ५० टक्के खनिज आधी जावं लागतं. बोन स्कॅन त्याच्या कितीतरी आधी, कधी काही महिने आधी, बदल दाखवतो, आणि तोही सगळ्या हाडांचा एकाच वेळी. त्याची मर्यादाही इथेच आहे. घराच्या कोणत्या भिंतीवर गवंडी काम करतोय एवढं तो दाखवतो. भिंत पावसाने खचली, झाडाच्या मुळाने फुटली की वाळवीने पोखरली, हे त्याला कळत नाही. या पानावरची अर्धी उत्तरं याच गोष्टीवर उभी आहेत.

२. कॅन्सर स्तनाचा होता, मग तो पाठीच्या हाडात कसा गेला?

कॅन्सरच्या पेशी रक्तातून फिरतात आणि जिथे लाल मज्जा (हाडाच्या आतला रक्त तयार करणारा भाग) व रक्तपुरवठा भरपूर तिथे रुजतात. मोठ्या माणसात लाल मज्जा मणके, बरगड्या, कमरेचं हाड, खुब्याजवळचं हाड आणि कवटी इथे असते, म्हणून पसरलेला कॅन्सर बहुतेक वेळा इथेच सापडतो. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाली तो क्वचित जातो. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी आणि थायरॉइड हे कॅन्सर हाडांत जाण्यात पुढे आहेत. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर खूप, पण तो आधी मानेच्या गाठींत जातो. दूरच्या हाडांत तो तुलनेने कमी वेळा पोचतो, म्हणून तोंडाच्या प्रत्येक रुग्णाला बोन स्कॅन सांगत नाहीत.

३. गावात शिबिरात हाडांचं मशीन आलं होतं, टाचेवर तपासलं. तोच बोन स्कॅन ना?

नाही. ती हाडांच्या घनतेची तपासणी. हाडं ठिसूळ झालीत का एवढंच त्यात कळतं, कॅन्सर पसरलाय का ते कळत नाही. शिबिराचा कागद फाइलला लावायला हरकत नाही, कारण ठिसूळ हाडांची माहिती प्रश्न ९ मध्ये कामाला येते.

४. शेजारच्या काकूंना बोन स्कॅन सांगितला, माझ्या आईला नाही. डॉक्टर दुर्लक्ष करताहेत का?

बहुधा नाही. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असेल, हाडं दुखत नसतील आणि रक्ताच्या तपासण्या ठीक असतील, तर बोन स्कॅन करू नये असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. अशा रुग्णात काही सापडण्याची शक्यता फार कमी असते. त्याउलट संधिवाताचा एखादा डाग दिसतो आणि त्याच्या मागे एमआरआय, बायोप्सी, उपचाराला उशीर अशी रांग लागते. गाठ मोठी असेल, काखेत गाठी असतील, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांचं काम वाढलं की वाढणारा घटक) वाढलेलं असेल किंवा एका जागी सतत दुखत असेल, तर स्कॅन हवा.

प्रोस्टेटचंही तसंच. पीएसए (रक्तातली प्रोस्टेटची तपासणी) २० च्या वर, ग्लीसन स्कोअर (बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा) ८ किंवा जास्त, किंवा गाठ प्रोस्टेटच्या बाहेर आलेली असेल, तर हाडं तपासतात. कमी धोक्याच्या रुग्णाला गरज नसते.

५. उपाशीपोटी यायचं का? शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या?

जेवून या, रोजच्या गोळ्या घेऊन या. उपाशी राहणं आणि शुगर आटोक्यात असणं हे साध्या पेट स्कॅनसाठी लागतं; दोन्ही तपासण्यांच्या सूचनांची गल्लत फार होते. इंजेक्शननंतर भरपूर पाणी प्यायचं असतं, म्हणून निर्जळी एकादशी किंवा रोजा असेल तर शक्यतो दुसरा दिवस मागून घ्या. बाई गरोदर असेल, तशी शंका असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर इंजेक्शनच्या आधी सांगा, नंतर नाही. स्कॅनच्या वेळी जोडवी, मंगळसूत्र, करदोटा, खिशातली नाणी काढून ठेवायची आहेत. घरीच काढून आलात तर हरवायची भीती नाही.

६. किनवटहून येतोय. एका दिवसात होईल का? दुपारी आलो तर चालेल?

दिवस एक पुरतो, पण सकाळीच यायला हवं. इंजेक्शन, मग दोन ते चार तास थांबणं, मग २० ते ४० मिनिटं मशीनवर. एखादी जागा नीट पाहायची असेल तर त्याच वेळी स्पेक्ट-सीटी (त्या जागेचं गॅमा कॅमेरा आणि सीटी मिळून काढलेलं त्रिमितीय चित्र) करतात, त्याला आणखी अर्धा तास. मधल्या वेळात चालाफिरायला, खायला मोकळीक असते. मशीनवर झोपण्याआधी लघवी करून या. भरलेल्या मूत्राशयामुळे कमरेचं हाड झाकलं जातं. लघवीचा थेंब कपड्यावर पडला तरी तो चित्रात डाग म्हणून दिसतो, तेव्हा असं झालं तर संकोच न करता टेक्निशियनला सांगा.

उशीर का चालत नाही, हेही सांगतो. टेक्नेशियम-९९एमची ताकद दर ६ तासांनी निम्मी होते. ते ज्या मॉलिब्डेनम-९९ पासून काढतात, त्याचीही ताकद ६६ तासांत निम्मी होते. त्यामुळे रुग्णांना ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी बोलावतात. एसटी चुकली तर ताबडतोब फोन करा. आणि गॅमा कॅमेरा तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरवर नसतो. तारीख पक्की झाल्याशिवाय घरून निघू नका.

७. आण्णांना इंजेक्शन दिलंय. घरात गरोदर सून आणि लहान नातू आहे. त्यांना धोका आहे का?

रुग्णाला सुमारे ४ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) किरणं मिळतात. जमीन, आकाश, अन्न यांतून जगात माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. शेजारी बसणाऱ्याला तर याचा फार थोडा अंश मिळतो. एसटीने गेलं तरी चालतं. त्या दिवसापुरतं नातवाला मांडीवर घेऊन बसू नका, सुनेच्या अगदी जवळ झोपू नका, एवढं पुरे. औषध लघवीतून जातं, म्हणून पुरुषांनीही बसून लघवी करावी, दोनदा पाणी टाकावं, हात साबणाने धुवावेत. डायपर असेल तर बदलणाऱ्याने हातमोजे घालावेत. २४ तासांत नुसत्या काळानेच सोळावा हिस्सा उरतो, आणि त्यातलंही बरंचसं लघवीतून गेलेलं असतं.

आण्णांना वेगळ्या खोलीत ठेवू नका, त्यांचं ताट वेगळं करू नका. असं करणारी घरं पाहिली आहेत, आणि त्याने आजारी माणूस मनाने खचतो.

८. क्रिएटिनिन वाढलेलं आहे, डायलिसिस चालू आहे. या इंजेक्शनने किडनी बिघडेल का?

नाही. सीटी स्कॅनमध्ये देतात ते आयोडीनचं औषध हे नव्हे. किडनी कमजोर असेल तर औषध रक्तात जास्त वेळ राहतं आणि चित्र धूसर येतं, म्हणून आधी सांगा. थांबण्याची वेळ वाढवता येते.

९. रिपोर्टमध्ये लिहिलंय, चौथ्या मणक्यात अपटेक वाढलाय. म्हणजे पसरलाच ना?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच. रिपोर्ट हातात पडल्यावर डॉक्टरांना दाखवायच्या आधीच घरात रडारड झालेली असते.

वाढलेला अपटेक म्हणजे तिथे हाडाचं काम जोरात चालू आहे, एवढंच. त्याची कारणं अनेक. गुडघे आणि कमरेची झीज, जुना मार, कीड लागलेली दाढ, मणक्याचा टीबी, कॅन्सरही. डाग कुठे आहे आणि कसा आहे यावरून अंदाज बांधतात. मणक्याच्या सांध्यावर किंवा काठावर असेल तर झीज. मणक्याच्या आत, मागच्या बाजूपर्यंत गेलेला असेल तर संशय जास्त. मणक्याला आडवी पट्टी असेल तर बहुधा ठिसूळ मणका दबलेला. मणक्यांत, बरगड्यांत, कमरेत लहानमोठे, अस्ताव्यस्त अनेक डाग असतील, तर मात्र पसरलेला कॅन्सर हेच कारण बहुतेक वेळा निघतं.

आपल्या भागात काही गोष्टी मुद्दाम सांगाव्या लागतात, कारण त्या रिपोर्ट लिहिणाऱ्याला दिसत नाहीत. बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या अनेक बायांची गर्भपिशवी कमी वयात काढलेली आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारला त्यावर चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि मोळ्या उचलून उचलून दबलेला मणका स्कॅनवर काळा दिसतो. त्या बाईला स्तनाचा कॅन्सर झाला की तोच मणका कॅन्सरचा वाटू शकतो. म्हणून पिशवी कोणत्या साली काढली, अंडाशयं ठेवली का, हे सांगा. बैलाने मारलं होतं, विहिरीवर पाय घसरला होता, मोटारसायकलवरून पडले होते, सगळं सांगा. मोडलेलं हाड स्कॅनवर वर्ष-दोन वर्षंही काळं राहू शकतं. घरात कोणाला टीबी झाला असेल, रात्री बारीक ताप येत असेल, तेही सांगा.

मग त्याच जागेचा एक्स-रे, स्पेक्ट-सीटी किंवा एमआरआय करून खात्री करतात. एकाच डागावर सगळा उपचार बदलणार असेल, तर बायोप्सी (प्रश्न १६). एका काळ्या डागावरून चौथी स्टेज ठरवू नका आणि कोणाला ठरवूही देऊ नका.

१०. एकाच बरगडीवर ठिपका आहे. घाबरायचं का?

एकटा, बारीक ठिपका बहुतेक वेळा मुका मार किंवा जोराच्या खोकल्याने पडलेली चीर असते. लागून असलेल्या बरगड्यांवर एका रांगेत ठिपके असतील तर पडल्याचं जवळपास नक्की. बरगडीच्या लांबीने पसरलेला पट्टा असेल तर मात्र पुढची तपासणी करून घ्या. साध्या ठिपक्याला काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून तो फिका होतोय का बघतात.

११. स्कॅन नॉर्मल आला, पण वडिलांचं दुखणं थांबत नाही. आता?

दुखण्यावर विश्वास ठेवा. बोन स्कॅन नवीन हाड बनताना दाखवतो. जिथे कॅन्सर हाड नुसतं खातो आणि शरीर दुरुस्तीला सुरुवातच करत नाही, तिथे तो चुकू शकतो. मल्टिपल मायलोमा (मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) हे याचं नेहमीचं उदाहरण. किडनी आणि थायरॉइडच्या कॅन्सरमध्येही असं होतं. कॅन्सर फक्त मज्जेत असेल तरी स्कॅन स्वच्छ येऊ शकतो. रात्री झोपमोड करणारं, पडून राहिलं तरी न थांबणारं, रोज थोडं वाढणारं दुखणं असेल, तर एमआरआय किंवा पेट-सीटीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

१२. पाठ दुखते आणि दोन दिवसांपासून पाय जड पडलेत. बोन स्कॅनची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, तोवर थांबू का?

थांबू नका. आजच जा, रात्र असली तरी. पाय जड पडणं, चालताना तोल जाणं, कमरेखाली बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, याचा अर्थ मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असू शकते. याला बोन स्कॅन चालत नाही, पूर्ण मणक्याचा तातडीचा एमआरआय लागतो, आणि त्यानंतर स्टेरॉइड, रेडिएशन किंवा ऑपरेशन. रुग्ण चालत असताना उपचार सुरू झाला तर पुढेही चालण्याची शक्यता चांगली असते. पाय पूर्ण गेल्यावर ताकद परत येणं अवघड. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, कॅन्सरचा पेशंट आहे आणि पायांतली ताकद गेली आहे. नुसतं ‘पाठ दुखते’ म्हणालात तर गोळी देऊन परत पाठवतील.

तशीच दुसरी गोष्ट. हाडांत कॅन्सर असलेल्या माणसाला फार तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर रक्तातलं कॅल्शियम त्याच दिवशी तपासून घ्या.

१३. डॉक्टर म्हणाले सुपरस्कॅन आहे. म्हणजे चांगला ना?

नाव फसवं आहे. सगळ्या सांगाड्याने औषध इतकं ओढून घेतलंय की किडन्या जवळजवळ दिसतच नाहीत, अशा चित्राला सुपरस्कॅन म्हणतात. कॅन्सर सगळीकडे पसरल्यावर असं होतं, प्रोस्टेटमध्ये विशेष. डाग मोजता येत नाहीत म्हणून नवख्या नजरेला स्कॅन स्वच्छही वाटू शकतो.

पण सुपरस्कॅन कॅन्सरशिवायही होतो. ड जीवनसत्त्व फार कमी असणं, पॅराथायरॉइडचा आजार, किडनीमुळे झालेला हाडांचा विकार, आणि आपल्याकडे लक्षात ठेवावा असा फ्लोरोसिस, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे होणारा दात-हाडांचा विकार. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळलं आहे. वर्षानुवर्षं ते पाणी प्यायलेल्याची हाडं सर्वत्र सारखीच गडद दिसू शकतात. साधारण फरक असा: कॅन्सरमध्ये मणका, बरगड्या, कमर यांवर जोर असतो आणि रंग कमीजास्त असतो, फ्लोरोसिस किंवा ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेत कवटी आणि हातापायांची लांब हाडंही एकसारखी गडद होतात. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, मान-कंबर न वाकणं, गावात असेच आणखी लोक असणं, हे सांगितलं तर निदानाची दिशा बदलू शकते. पीएसए, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज यांचे कागद सोबत हवेतच.

१४. उपचार सुरू होऊन तीन महिने झाले. दुखणं कमी झालं, भूक लागते, पण स्कॅनमध्ये डाग वाढले. औषध बदलायचं का?

घाईने नको. औषध लागू पडलं की कॅन्सरने खाल्लेली हाडं भरून यायला लागतात आणि बोन स्कॅनला ती दुरुस्तीच जास्त गडद दिसते. जे डाग आधी दिसत नव्हते तेही उमटतात. याला फ्लेअर म्हणतात. पहिल्या तीन महिन्यांत तो जास्त दिसतो, कधी सहा महिन्यांपर्यंतही. माणूस बरा होत असेल, पीएसएसारखे मार्कर (कॅन्सरचा अंदाज देणारे रक्तातले आकडे) उतरत असतील, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून ठरवतात. तेव्हा आणखी नवे डाग आले तर आजार वाढलाय. दुखणं आणि मार्करही वाढत असतील तर तो फ्लेअर नाही. चांगलं लागू पडलेलं औषध एका कागदावरून बंद झालं तर रुग्णाचं मोठं नुकसान होतं.

१५. पुण्या-मुंबईला पीएसएमए पेट सांगतात. मग बोन स्कॅन जुना झाला का?

प्रोस्टेटसाठी पीएसएमए पेट-सीटी (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना चिकटणारं औषध देऊन केलेला पेट स्कॅन) जास्त अचूक आहे, यात शंका नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात जास्त धोक्याच्या रुग्णांत तिची अचूकता ९२ टक्के निघाली, तर सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५ टक्के. परवडत असेल आणि ऑपरेशन की रेडिएशन हा निर्णय त्यावर ठरणार असेल, तर जरूर करा. पीएसए काहीशेवर आहे, कंबर दुखते आहे, हार्मोनचा उपचार तर द्यायचाच आहे, अशा माणसाला शेत गहाण ठेवून पेट करायला लावू नका. तिथे बोन स्कॅन पुरतो. पुढच्या तुलनेसाठी मात्र दरवेळी तीच तपासणी करा. आधी बोन स्कॅन आणि नंतर पेट असं केलं तर वाढलं की कमी झालं ते सांगणं कठीण होतं.

१६. हाडाची बायोप्सी केली तर कॅन्सर भडकतो म्हणतात. खरं आहे का?

नाही. हाडात पोचलेला कॅन्सर सुई लावण्याआधीच रक्तातून आलेला असतो. तिथे टीबी निघाला तर टीबीचा उपचार होईल. कॅन्सर निघाला तर हार्मोन रिसेप्टर (हार्मोनच्या औषधाला तो दाद देईल का हे सांगणारी पेशींवरची खूण) तपासून योग्य औषध निवडता येईल. दोन्ही बाजूंनी फायदाच.

१७. हाडात पसरलाय हे नक्की झालं. आता सगळं संपलं का? यालाच हाडाचा कॅन्सर म्हणतात का?

नाही, दोन्हीही नाही. स्तनातून हाडात गेलेला कॅन्सर स्तनाचाच राहतो आणि उपचारही त्याचाच होतो. स्तन किंवा प्रोस्टेटचा आजार फक्त हाडांत असेल, तर औषधांवर वर्षानुवर्षं हिंडूफिरू शकणारे रुग्ण आहेत. दुखऱ्या जागी रेडिएशन देतात, बहुतेकांना ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) एकच डोस पुरतो आणि आराम पडायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. रोज येणं-जाणं जमत नसेल तर एकाच डोसबद्दल स्वतःहून विचारा. हाडं मोडू नयेत म्हणून झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब ही हाडं बळकट ठेवणारी औषधं देतात. ते सुरू करण्याआधी दात तपासून घ्या, हलणारे दात आधीच काढून घ्या. तंबाखूने दात-हिरड्या खराब झालेल्यांसाठी हे फार महत्त्वाचं, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं.

१८. तोपर्यंत मालिश करू का? गावातला हाडवैद्य चांगला आहे.

करू नका. ज्या हाडात कॅन्सरची शंका आहे ते चोळणं, दाबणं, ओढणं यामुळे ते मोडू शकतं. मणका असेल तर पाय जाऊ शकतात. मांडीत किंवा खुब्यात टेकताना दुखत असेल तर रुग्णाला काठी द्या आणि हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. मोडण्याआधी रॉड टाकणं हे मोडल्यावर टाकण्यापेक्षा कितीतरी सोपं. हलका हात पाठीवरून फिरवायला कोणाचीच मनाई नाही.

१९. आईला कॅन्सर सांगितलेला नाही. स्कॅनला आणलं तर तिला कळेल का?

कळण्याची शक्यता आहे. फलक असतात, शेजारी बसलेली बाई बोलते. तिला किती माहीत आहे ते आम्हाला आधी सांगा, आम्ही स्वतःहून काही बोलणार नाही. पण तिने सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. बहुतेक आयांना निम्मं कळलेलंच असतं.

२०. योजनेत होतं का? प्रवासाचं काय? सोबत काय आणायचं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपचारांच्या पॅकेजवर चालते. ओपीडीत नुसती तपासणी म्हणून केलेला स्कॅन त्यात बसेलच असं नाही, म्हणून पैसे भरण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणारा माणूस) विचारा. उपचाराला निघालेल्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत असते. त्याचा फॉर्म उपचार करणाऱ्या दवाखान्यातून भरून घ्यावा लागतो. एसटीतही कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे.

सोबत बायोप्सीचा रिपोर्ट, झालेल्या ऑपरेशनचा कागद, केमो किंवा हार्मोनच्या तारखा, जुने सीटी-एमआरआय आणि आधीच्या बोन स्कॅनची सीडी आणा. रिपोर्टचा मोबाइलवर काढलेला फोटो तुलनेला पुरत नाही, चित्रं लागतात. सीडी मिळाली नसेल तर आधी स्कॅन केलेल्या ठिकाणी मागा. आणि बोन स्कॅन ज्या दिवशी असेल त्याच दिवशी त्याच शहरात डॉक्टरांची वेळ घेऊ नका. रिपोर्ट बहुतेक ठिकाणी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मिळतो.